सरूला कुठे पाठवावे

॥ श्री ॥
लष्कर, ग्वाल्हेर
ता. २४ मार्च १९५६

चि. सौ. इंदूस बळवंताचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, गुडघे सोडून.

पत्रास कारण आपली सरू. माझ्या शरदच्या या थोरलीला सतरावं लागलं, मॅट्रिकची परीक्षा देऊन राहिली आहे. मी, तुझा भाऊ, चौथी शिकलेला. दरबारच्या फोटोखात्यात तीस वर्षं काढली ती नुसती पाहून पाहून शिकत. तेच सगळं या पोरीला दिलं. उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून रीळ चढवते, आणि तोंडानं नया बाजारातल्या गमती सांगत असते. मला तेवढं जमायला दोन वर्षं लागली होती. दरबारचा सिनेमाचा कॅमेरा विलीनीकरणात यादी होऊन कुलुपात गेला, नाहीतर तोही तिच्या हाती दिला असता. आता तिला सिनेमाच शिकायचा आहे. पडद्यावर दिसायचा नव्हे, करायचा.

शरद सचिवालयात, आणि तिथं सध्या एकच विषय. मध्यभारत मोडणार, राजधानी कुणी जबलपूर म्हणतो, कुणी भोपाळ, ग्वाल्हेर कुणीच म्हणत नाही. दिवाळीपर्यंत बिऱ्हाड हलणार. त्याआधी पोरीचं लग्न उरकावं असं त्याचं म्हणणं; परक्या गावात मराठी स्थळं दाखवणार कोण? मी चार दिवस मागे लागलो तेव्हा त्यानं एवढं कबूल केलं, की उन्हाळ्यात वर्गाला पाठवा, जूनअखेर तिनं स्वतः केलेलं काही मला दाखवावं, तर पुढं शिकवीन. नाहीतर चातुर्मासाच्या आत अक्षता. तो शब्दाचा पक्का आहे, दोन्हीकडून.

मुलांना हातानं काम शिकवणारी दोन ठिकाणं कानावर आहेत. एक पुण्यात, लक्ष्मीकांतराव म्हणून गृहस्थ चालवतात. जाहिरात सोबत जोडली आहे. पुण्यात सरूचा मामा आहे. दुसरं तुझ्या कोल्हापुरातले ते कान्होजी, ज्यांच्याविषयी तू लिहिलं होतंस. एकदा जाऊन ये आणि डोळ्यांनी पाहून लिही.

कळावे. तुझ्या लोभावर माझा हक्क जुना आहे.
बळवंत

॥ श्री ॥
कोल्हापूर
ता. ३ एप्रिल १९५६

ती. नानांस इंदूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. ‘देऊन राहिली आहे’ वाचून आमच्याकडे हसणं झालं. हे म्हणाले, तुमचे बंधू हिंदीला नऊवारी नेसवून मराठी म्हणून पाठवतात.

काल जाऊन आले. एका जुन्या स्टुडिओमागे पत्र्याची शेड आहे. कान्होजींनी मला बसा म्हटलं नाही, कारण बसायला काही नव्हतं. आठ मुलं, त्यांत दोन मुली. प्रत्येकाच्या हातात पांढरे सुती मोजे आणि ब्लेड. फिल्मची पट्टी खरवडायची, रसायन लावून दुसरीला सांधायची, यंत्रावर चालवून बघायची. एकीचा सांधा सुटला, तर तिच्याकडून तोच पन्नास वेळा करून घेतला. हे नवशिके आधीपासून येतात. खरा वर्ग १ मेला सुरू. मे महिना सांधे, जूनमध्ये कॅमेरा, आणि शेवटी ज्याची त्याची दोन मिनिटांची फिल्म, घरी न्यायला. प्रमाणपत्र वगैरे नाही. शिव्या देतात, खोटं कशाला बोलू. बिडी ओढतात, पण भर उन्हात रस्त्यापलीकडे जाऊन. फिल्म पेट घेते म्हणून. मला तेवढ्यानंच माणूस आवडला.

त्यांनी तुम्हाला कार्ड टाकलं आहे. पुण्याचं मी पाहिलेलं नाही, म्हणून बोलत नाही. पण तुम्हीही पाहिलेलं नाही. तिच्या मामाला निदान एकदा आत डोकावून यायला सांगा. ग्वाल्हेरात बसून उंटावरून शेळ्या हाकू नका. इकडे आली तर सरू माझ्यापाशी राहील, हा माझा स्वार्थ.

वहिनींना नमस्कार. रागाला जागा ठेवलीत तर लोभालाही ठेवा.
इंदू

॥ श्री ॥
लष्कर
ता. १५ एप्रिल १९५६

चि. सौ. इंदूस अनेक आशीर्वाद.

दोन्हीकडची पत्रं आली. कान्होजींचं कार्ड शिसपेन्सिलीनं. वर श्री नाही, मायना नाही. ‘मुलगी पाठवा. नखं काढून. जुने कपडे. १ तारखेला सकाळी सात. उशीर झाल्यास घेणार नाही.’ सहीशेजारी तेलाचा अंगठा. हा मनुष्य मला कोण समजतो तेच कळेना.

आणि लक्ष्मीकांतरावांचं पत्र मोडीत. इंदू, दरबार मोडल्यापासून आठ वर्षांत मला कुणी मोडीत पत्र लिहिलं नव्हतं. ‘राजमान्य राजश्री’ पासून सुरुवात, एक उपचार चुकलेला नाही. त्यांचे आजोबा इथल्या दरबारी फडात पत्रं लिहायला होते म्हणे. दोनशे वर्षं या मुलुखात आपण मायन्यावरून माणूस ओळखत आलो. समोरच्यापुढं किती वाकायचं हे ज्याला कळतं, तो लेकीबाळीला जपेल. शरदला वाचून दाखवलं. या विषयात तो पहिल्यांदाच खूश झाला. तेव्हा पुणं ठरलं. मामाला पाहायला धाडणं मला प्रशस्त वाटत नाही; अशा माणसावर पहारा ठेवायचा म्हणजे त्याच्या आजोबांचा अपमान.

सरूलाही सांगितलं. तिनं कान्होजींचं कार्ड दोनदा वाचलं आणि न्हाणीघरात जाऊन नखं काढून आली. मी म्हटलं, बेटा, पुण्याला पण चालतील.

तू रुसशील. रूस, पण पत्र बंद करू नकोस.
बळवंत

पुणे
ता. ७ मे १९५६

ती. नानांना सरूचा सा. न.

मी मजेत आहे. मामी भात फार वाढते. नाना, सच सांगते, रागावू नका. कॅमेऱ्यात फिल्मच नाही.

पहिल्या दिवशी आम्हाला वीस जणांना रांगेत उभं केलं आणि एकेकाला मिनिटभर चालवायला दिला. मी कान लावला. मी लहान असताना तुम्ही दरबारच्या कॅमेऱ्याला माझा कान लावायचात, आठवतं? म्हणायचात, यंत्र भरलेलं चालतंय की रिकामं, ते कानाला कळतं. हे रिकामं आहे. मला वाटलं, पहिला दिवस, सराव असेल. आज आठवा दिवस, तोच खाली, रिकामा कॅमेरा. बाकी वेळ सर भाषण देतात, आम्ही वहीत उतरवतो. बोलतात एकदम बढिया. काल मी विचारलं, उघडून पाहू का. ते हसले, सगळ्यांदेखत म्हणाले की ग्वाल्हेरच्या मुली धीट असतात. आज मला मागच्या बाकावर बसवलं.

कोल्हापूरहून आत्याआजीचं पत्र आलंय. कान्होजींकडचा एक मुलगा गोवर निघून घरी गेला. त्याची जागा ते पंधरा तारखेपर्यंत माझ्यासाठी ठेवतायत. मामा म्हणतो, नानांनी लिहिलं तर लगेच गाडीत बसवून देतो. तुम्ही बस एक ओळ लिहा, जा म्हणून. बाबांना मी तिकडून नक्की काहीतरी करून आणीन.

आजीला नमस्कार. वाट पाहतेय.
सरू

॥ श्री ॥
लष्कर
ता. ११ मे १९५६

चि. सरूस अनेक आशीर्वाद.

तुझं आणि लक्ष्मीकांतरावांचं पत्र एकाच टपालानं आलं. त्यांनी तक्रार केलेली नाही, उलट तुझी तारीफच आहे. लिहितात, मुलगी हुशार, जराशी उतावीळ. आधी रिकाम्या यंत्रावर हात बसवतो, जूनमध्ये सर्वांना फिल्म मिळेल. मला पटलं. मीही दोन वर्षं उस्तादांची तिपाई वाहिली तेव्हा कुठं कॅमेऱ्याला हात लागला.

बेटा, गुरूला ‘उघडून पाहू का’ असं विचारायचं नसतं. ते खरे असतील तर त्यांचा अपमान, आणि नसतील तरी आपलीच शोभा. आज तू सोडून निघालीस तर बाबा म्हणतील, आठ दिवसांत पळाली. मग त्यांच्यापुढं मी कुठल्या तोंडानं बोलू? तेव्हा सरांची माफी माग आणि तिथंच मन लाव. सबुरीचं दूध उशिरा तापतं पण नासत नाही. आत्याआजीला मी कळवतो.

भात वाढला तर खावा. इथं तुझ्यावाचून पिशवीत रीळ चढवायला कुणी नाही.
तुझा नाना

॥ श्री ॥
पुणे
ता. २५ जून १९५६

ती. नानांस नमस्कार.

हे पत्र सरूच्याच हाती देते आहे. तुमचे गुडघे येऊ देणार नाहीत म्हणून काल तिच्या समारंभाला मी आले होते. हारतुरे होते, जाड कागदाची प्रमाणपत्रं, त्यांवर तांबडी मोहोर. मग मुलांनी काढलेली फिल्म दाखवायची होती. लक्ष्मीकांतरावांनी उभं राहून, फार सुंदर भाषेत सांगितलं की धुलाईत दोष झाला आणि सगळी फिल्म काळी पडली. एका मुलाचे वडील म्हणाले, काळी तर काळी, दाखवा. त्यांना बाजूला नेऊन चहा दिला.

सरू मागच्या बाकावर होती. रडली नाही. मी विचारलं, अगं, पुन्हा घरी का नाही लिहिलंस? ती म्हणाली, “एकदा लिहिलं होतं.”

मी धाकटी, तुम्हाला बोलण्याचा मला अधिकार नाही. पण ऐका. कान्होजींनी पंधरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत जागा ठेवली, मग एका सुताराच्या मुलीला दिली. तिनं पंचगंगेवर धुणं धुणाऱ्या बायका काढल्यात. दोन मिनिटं. मी पाहिलं. एके ठिकाणी तिचा हात हलला आहे.

त्यांना मी पुढल्या वर्षाचं विचारलं. म्हणाले, मे महिन्यात पाठवा, घेतो. नाना, शरद तुमचं ऐकतो. पोरीनं आठ दिवसांत ओळखलं होतं आणि तुम्ही थांबवलंत, एवढं त्याला सांगा. ते सांगणारे तुम्हीच हवेत; तिनं सांगितलं तर सबब ठरेल.

लोभाचं नंतर पाहू. आधी हे करा.
इंदू

॥ श्री ॥
लष्कर
ता. ६ जुलै १९५६

चि. सौ. इंदूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सरूनं माझ्या हाती दिलं, आणि मी वाचत असेपर्यंत समोर उभी राहिली. त्याच संध्याकाळी शरदनं ते प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, हे त्यांनी तुला दिलं, तू काय केलंस? ती म्हणाली, काही नाही. आपल्या बाजूनं सफाई दिली नाही, माझं नाव घेतलं नाही. तिचं मेमधलं पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं. काढून त्याच्यापुढं ठेवायचं, एवढंच काम. मी म्हणालो, उकडतंय फार, पोरीला पाणी तरी पिऊ दे.

मनाशी ठरवलं, सकाळी बोलू. मग सकाळी शरद ऑफिसच्या घाईत होता.

रविवारी पाहुणे आले. किला गेटचे कृष्णराव. मुलगा महसूल खात्यात, तोही भोपाळला जाणार. माणसं वाईट नाहीत. मुलाच्या आईनं, विजयाबाईंनी, विचारलं की मुलीला विशेष असं काय येतं. शरद माझ्याकडे पाहू लागला. त्याची नजर कठोर नव्हती, इंदू, हे तुला म्हणून लिहितो. मी बोललो असतो तर त्यानं ऐकलं असतं. कदाचित मी बोलावं म्हणूनच पाहत होता. सरूनंही मान वर केली. कान्होजी, पुढला मे, सगळं माझ्या जिभेवर होतं. आणि विजयाबाई इतक्या अदबीनं, पदर सावरून उत्तराची वाट पाहत बसल्या होत्या, की भरल्या बैठकीत घरचा गुन्हा उघडा करणं मला जमलं नाही.

मी म्हणालो, “पुरणपोळी फार सुरेख करते.”

त्या प्रसन्न झाल्या. म्हणाल्या, मग लग्नानंतरचा पहिला सण आमच्याकडे तिच्या हातचा. सरूनं मान खाली घातली ती सुपारी फुटेपर्यंत वर केली नाही. तेव्हापासून माझ्याशी बोलते, विचारलेल्याला उत्तर देते, पाणी आणून देते. काळी पिशवी धुऊन घडी करून माझ्या उशाशी ठेवली आहे.

लग्न गुरुवारी, १२ तारखेला. पत्र मिळताच तुम्ही दोघं निघा. मला तुझ्याकडून जे ऐकून घ्यायचं आहे ते समोरच ऐकीन. कान्होजींना सांग, मे महिन्यात कुणी येणार नाही, जागा दुसऱ्या कुणाला द्या.

आणि येताना चांगला गूळ आण. सरूला पुरणपोळी येत नाही. तिची आई रोज दुपारी शिकवून राहिली आहे. आज चौथा दिवस. पुरण जमतं, पण पोळी तव्यावर टाकताना फाटते.

लोभ मागायला हात पुढं होत नाही. तू येशील ना, एवढंच तारेनं कळव.
बळवंत