साठीपर्यंत अडकलेले

आई,

काल मी ह्यांना तुझं वाक्य ऐकवलं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत हे लिहायला बसले. एरवी गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणं मला पटत नाही.

पगाराच्या दिवशी तू शाळेतून आलीस की पाकीट आजीच्या हातात ठेवायचीस आणि दुसऱ्या दिवशी बसभाड्यासाठी तिच्याचसमोर उभी राहायचीस. मला औषधांच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "पैसा असा ठेव की मागणाऱ्याचं सोड, तुलाबी घेता आला नाय पाहिजे. कुणी मागितला तर म्हण, अडकलाय. खोटं बोलायला नको." मी तेच केलं. पुढं साठीपर्यंत न उघडणारं पेन्शनचं खातं काढलं आणि उरेल ते सगळं त्यात टाकत राहिले. दीर बिडकीनच्या प्लॉटसाठी मागायला आले तेव्हा मी चहा ठेवला आणि सांगितलं, अडकलेत. ते म्हणाले, "वहिनी, तुमचेच पैसे अन् तुम्हालाच मिळंनात?" तुला हे सांगितलं तर तू पदर तोंडाला लावून हसलीस. तुला तसं हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं.

हे मात्र म्हणत, पंचावन्नला दोघंही नोकरी सोडू, खुलताबादच्या बाजूला दोन खोल्या बांधू. मला म्हणायचे, त्यासाठी तुझे थोडे पैसे म्युच्युअल फंडात असू दे. नफ्यावर कर पडला तर पडला, लागतील तेव्हा काढता येतील. मी म्हणायचे, काढता येतात म्हणूनच ते संपतात. ह्यांनी स्वतःचे मोकळे ठेवले. दिवाळीनंतर ह्यांची उजवी बाजू गेली तेव्हा दवाखान्याला तेच पुरले, आणि तिथंच संपले. माझे आहेत. साठीआधी खातं बंद केलं तर थोडेच हातात येतात, बाकीच्याची महिन्याची पेन्शन बांधून देतात. तेवढ्यात औषधंसुद्धा भागत नाहीत. साठीला मला सात वर्षं आहेत. डॉक्टर ह्यांच्याबद्दल वर्षांत बोलत नाहीत.

काल संध्याकाळी मी ह्यांना खिचडी भरवत होते. शब्द जुळवायला ह्यांना वेळ लागतो. "सोड... नोकरी. बस इथं." मी चमचा खाली ठेवला नाही. "पैसे अडकलेत," म्हटलं. दिरांना सांगितलं होतं त्याच आवाजात. ह्यांनी तोंड मिटून घेतलं. खिचडी तशीच राहिली.

तू चुकलीस असं मला म्हणता येत नाही. तुझ्या घरात ते बरोबरच होतं. माझ्या घरात पाकीट मागणारं कुणी नव्हतं.

आज कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. हे कुणाला सांगायचं नाही, म्हणून हा कागदही माझ्याच पर्समध्ये राहील.

सकाळी, बस यायच्या आधी, दिवसभरासाठी ठेवलेल्या बाईंच्या ताब्यात दिलं: दाराची दुसरी किल्ली, गोळ्यांचा डबा, चष्मा, आणि माझा नवरा.