हेडलीला काय द्यायचे आणि काय नाही

आणि पुन्हा सांगतो, आई, हेडली बेसावध होता म्हणून बाद झाला हे खोटे आहे. तो बाद झाला कारण चेंडू आत वळला. मागच्या पत्रात तू परत तेच उकरून काढलेस, म्हणून इथेही आधी तेच लिहावे लागते. आता कायद्याचे.

मी, सेथ वॉर्डल, वय वर्षे चोवीस, जन्म ब्रॅकनथॉर्पच्या कोळसाखाणीच्या वस्तीत, सध्या मुक्काम बॉक्सबर्ग, ट्रान्सवाल, सोन्याच्या खाणीत कामाला, पूर्ण शुद्धीवर असून आणि आज एक थेंबही न घेता, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दडपण असलेच तर मॅनेजरचे. उद्यापासून आमची टोळी नवा खड्डा खोदायला उतरते, आणि असा कागद केल्याशिवाय तो कोणाला खाली सोडत नाही. कायद्याचे शब्द माझ्या शेजारच्या खाटेवरचा जॅबेझ ट्रेगिअर सांगतो. बाकीचे माझे.

कलम एक. माझी गादी आणि कंदील जॅबेझला. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असे त्यानेच सांगितले आणि मग गादीकडे बघत बसला. म्हणून सही दुसऱ्यांची घेतली.

कलम दोन. खिळ्यांचे खेळायचे बूट गावच्या क्लबला. जो पहिले षटक टाकेल त्याने घालावेत. तो हेडलीचा शिष्य नसावा.

कलम तीन. घर कंपनीचे आहे, तेव्हा ते मला कोणाला देता येत नाही. पण चुलीवरच्या भिंतीबद्दल माझे म्हणणे आहे. तिथे सगळे हेडलीचेच फोटो. मी इथे काढून पाठवलेला मिशीवाला फोटो तू मोरीपाशी लावलास, हे मला आत्याने कळवले. मी मेल्यावर तो चुलीवर यावा आणि हेडलीचा काउंटीच्या कोटातला काढावा. ही विनंती नाही, अट आहे.

कलम चार, हेडली. जॅबेझ म्हणतो एका माणसासाठी एवढी जागा लागत नाही. जॅबेझला भाऊ नाही.

थोरला माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी खाणीत गेला, विसाव्या वर्षी काउंटीच्या संघाने पगारावर उचलला. सामन्याच्या दिवशी त्याला अख्खे अंडे आणि मला त्याची वरची टोपी. त्याची बॅग स्टेशनापर्यंत मी वाहायची. मैदानावर पैसे न घेता खेळणारे साहेब लोक मोठ्या दारातून उतरायचे, हेडली आणि पगारी मंडळी बाजूच्या फाटकातून. छापील पत्रकात साहेबांच्या नावाआधी मिस्टर, ह्याचे नुसते वॉर्डल. लोकांना त्याचे वाईट वाटायचे. मला त्या बाजूच्या फाटकाचाही हेवा वाटायचा. हिवाळ्यात पगार बंद, मग तो परत खाणीत यायचा. तिथेही मुकादम त्याला बसवून घेऊन धावांच्या गोष्टी ऐकणार, आणि मी शेजारी कोळशाचे डबे भरणार.

मग त्याच्या मदतीचे वर्ष आले. दहा वर्षे खेळलेल्या पगारी खेळाडूसाठी सामने होतात, पेटी फिरते, जमेल ते त्याचे. तो काउंटीचा संघ घेऊन आपल्या गावाविरुद्ध खेळायला आला. रीत अशी की ज्याची मदत आहे त्याला पहिला चेंडू सोपा टाकायचा आणि एक धाव घेऊ द्यायची. लोक त्यालाच बघायला आलेले असतात. मला रीत माहीत होती. पण काउंटीचे कर्णधारसाहेब समोर उभे होते, आणि चेंडू आयुष्यात एकदाच माझ्या हातात होता.

मधली यष्टी उडाली. टाळी एकही नाही. अर्ध्या तासात निम्मे मैदान रिकामे झाले आणि पेटी हलकीच राहिली. साहेब मला म्हणाले, "चेंडू झकास होता, पोरा. पण कधी टाकू नये हे कळायला हवं." झाले, काउंटीचे दार माझ्यापुरते बंद.

घरी तू विचारलेस, "एक धाव दिली असतीस तर तुझं काय गेलं असतं?"

हेडली रागावला असता तर मी माफ केले असते त्याला. तो सूप पीत हसला. "सोड ना, आई. मी सोप्या चेंडूची वाट बघत होतो, म्हणून चुकलो. त्याचा काय दोष?"

बस. रात्रीपर्यंत अख्ख्या दारूच्या गुत्त्यात तेच. सेथने कुठे बाद केले, हेडलीच गाफील होता. माझ्या नावावर एकच बळी होता, तोही त्याने चांगुलपणा करून काढून घेतला. पुढच्या महिन्यात मी बोट पकडली.

आता तू लिहितेस, त्याच्या गुडघ्यातली कूर्चा सटकली. शहरातला डॉक्टर कापून काढील तर आणखी दोन हंगाम खेळेल, नाहीतर मेपासून कोळसा. मदतीचे पैसे काउंटीच्या समितीने अडकवून ठेवलेत, हातात नुसते व्याज.

कलम पाच, रोकड. ही मी परतीच्या बोटीसाठी साठवली होती. एप्रिलमध्ये घरी येऊन शेजारच्या काउंटीत नशीब बघायचे होते. जॅबेझ म्हणतो आईच्या नावे ठेव. नाही. ती माझ्या मरणाची वाट न बघता आत्ताच निघेल, आणि हेडलीच्या नव्हे, डॉक्टरच्या हातात जाईल. कोणाचे पैसे, हे हेडलीला सांगायचे. शेजारी ऐकतील असे सांगायचे.

अट अशी. गुडघा बरा करून त्याने तो सांभाळावा. मी येईन तेव्हा गावच्या मैदानात, पेटी न फिरवता, सोपा चेंडू न मागता, त्याने माझ्यासमोर उभे राहायचे. लंगड्याचा बळी मला नको, त्यालाही लोक कारण शोधतील. मी मेलो तर त्याने शनिवारी गुत्त्यात उभे राहून स्वतःच्या तोंडाने म्हणायचे की तो चेंडू आत वळला होता. हसायचे नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोघांदेखत सही केली.

सेथ वॉर्डल

साक्षीदार: इड्रिस प्रॉसर, खाणकामगार. वॉल्टर गॅस्किन, खाणावळवाला.

बॉक्सबर्ग, रविवार, १० जानेवारी १९०९.

सोबत डॉक्टरसाठी, होते तेवढे सगळे: चौतीस पौंड सहा शिलिंग.