दोन्ही आजारांची बैठक

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ जून १९९८

ती. विद्याक्कास,
मल्लेशचा सा. न. वि. वि.

दवाखान्यातून आल्यापासून दारूला शिवलेलो नाही. खोटं वाटत असेल तर अव्वाला विचार. आईच ती, पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ येऊन अजून माझ्या तोंडाचा वास घेते.

गुरुवारी शाळेच्या खोलीत दारू सोडलेल्यांची बैठक भरते, तिथं जातो. हंबीरराव ती चालवतात. मला गटारीतून उचलून घरी आणलं ते यांनीच. पण परवा मी कानातल्या आवाजांचं सांगितलं, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत म्हणालो. हंबीरराव म्हणाले, गोळी म्हणजे पण नशाच की. बाटली बदललीस, सुटलास कुठं?

बाहेर आलो तर एक जण मागनं आला. कृष्णात, बिद्रीचा, साखर कारखान्यात फिटर. म्हणाला, माझ्याबी कानात बोलत्यात की पावणं, तुमची काय म्हणत्यात? अक्का, असं मला अजून कुणी विचारलं नव्हतं. माझी शिव्या देतात म्हणालो. तर म्हणाला, माझी नुसती हुकूम सोडत्यात, सायबागत. रस्त्यात उभं राहून दोघं पोट धरून हसलो.

दाजींना नमस्कार. शांभवीला आशीर्वाद. लोभ आहे तेवढा राहू दे, कमी झाला असेल तर तसं कळव.

तुझा
मल्लेश


जयसिंगपूर
२ ऑगस्ट १९९८

चि. मल्लेशास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग डोळे पुसले. तुम्ही दोघं बोलायला बसलात की एकूण किती जण बोलत असता रे? कृष्णातला एकदा घेऊन ये, जेवायला घालते. गोळ्या मात्र सोडायच्या न्हाईत. हंबीरराव देवमाणूस असतील, पण डॉक्टर नव्हेत. हे कृष्णातलाही सांग.

पुढचं लिहायला हात होत नाही. शांभवीला बघायला पाहुणे येणार आहेत. त्या दिवशी तू येऊ नयेस असं तुझ्या दाजींचं म्हणणं. मी भांडले, आणि शेवटी गप्प बसले. तुझ्या कानातल्यांच्या आधी तूच मला शिव्या दे. पण माया आटवू नकोस.

तुझी
अक्का


मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ नोव्हेंबर १९९८

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

कृष्णात गेला. आपणहून जीव दिला त्यानं.

दसऱ्याच्या आधी त्यानं गोळ्या सोडल्या. हंबीररावांनी त्याला बैठकीत सगळ्यांसमोर उभं केलं, टाळ्या वाजल्या. मी बाहेर गाठून त्याच्याशी भांडलो. तो म्हणाला, मल्लेश, एकदा तरी पुरा सुटलोय असं वाटू दे की मला. त्यानंतर तो यायचा बंद झाला. कारखान्यात फोन केला, तर कामावर येत न्हाय म्हणाले.

बिद्रीला जाऊन आलो. त्याची आई झुंबरबाई दारातच बसलेली. तिनं एवढंच विचारलं, प्यायलाता का त्यो? मी सांगितलं, न्हाय, थेंबसुद्धा न्हाय. तिला तेवढाच आधार वाटेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, प्यायला आसता तर बरं झालं आसतं रं, पिऊन त्यो घराकडं तरी यायचा.

तुझा राग नाही. मीच पाहुणा असतो तर मलाही मी नको झालो असतो. जमेल तेवढा लोभ ठेव.

मल्लेश


जयसिंगपूर
२० डिसेंबर १९९८

चि. मल्लेशास आशीर्वाद.

पाहुण्यांना मी तुझ्याबद्दल सगळं सांगून टाकलं. त्यांचा नकार आला. दाजी माझ्याशी बोलत नाहीत. शांभवी म्हणाली, मामाला बोलावून घे. तू ये. इथं राहा. तुझी वाट बघते, एवढाच आशीर्वाद समज.

अक्का


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१५ जानेवारी १९९९

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

येईन, पण गुरुवार सोडून. गुरुवारी मी मठाच्या ओसरीवर बसतो. दारूही आणि डोक्याचा आजारही, असे दोन्ही असलेल्यांची बैठक. दवाखान्यात सांगून ठेवलंय, शाळेच्या खोलीतही सांगून आलो. कुणी येत नाही. दारू सोडली हे माणूस चारचौघांत सांगतो, डोकं फिरलं हे कोण सांगणार? आवाज म्हणतात, ऊठ, गुत्त्यावर जा. मी बसून राहतो.

काल हंबीरराव आले. चपला काढून खांबाजवळ उभेच राहिले. मला वाटलं, समजूत घालायला आलेत. तर म्हणाले, मल्लेश, मी मारलं का रं त्याला?

मला उचलून आणलेले हात त्यांनी समोर जोडले होते. मी बसा म्हणालो. ते बसले आणि टोपीत तोंड घालून रडले. अक्का, मला दया आली नाही. रागही आला नाही. पुजारी दिवा लावायला आला तेव्हा दोघं उठलो.

पुढच्या गुरुवारी मी जाणारच. ते येतील का, माहीत नाही. यावेत असं मला वाटतं का, तेही माहीत नाही.

शांभवीचं तेवढं कुठंतरी जुळू दे. तुझ्या घरात मला जागा आहे हे कळलं, त्यावर थोडे दिवस निघतील. लोभ सोडू नकोस.

तुझा
मल्लेश