चंदेरी पट्टीबाबत चौथा अर्ज

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक संरक्षण कार्यालय, कार्ड तक्रार कक्ष,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

अर्जदार : मांडणी व साठा प्रमुख, पुस्तके व लेखनसाहित्य भांडार, बसथांब्यासमोर.

विषय : गिफ्ट कार्डांची पाकिटे विक्रीपूर्वीच उघडली गेल्याची नोंद घेऊन माझ्या नणंदेवरील चोरीचा ठपका दूर करणेबाबत.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज, जो "पुरावा सीलबंद नाही" म्हणून परत आला.
२) माझा दुसरा अर्ज, जो "पुराव्याचे सील तुटलेले आहे" म्हणून परत आला.
३) माझा तिसरा अर्ज, जो कशासाठी परत आला ते शेऱ्यावरून कळत नाही.

महोदय,

१. आपल्या कक्षातील आवक लिपिकांनी मला सुरुवातीलाच सांगितले होते, "अर्ज एका पानात बसवा बाई, साहेबांना वेळ नसतो." त्यानुसार मी तीन अर्ज एकेका पानात बसवले. तिन्ही परत आले. हा चौथा एका पानात बसत नाही, आणि बसवण्याची माझी इच्छाही राहिलेली नाही. तरी तो शेवटपर्यंत वाचावा, ही पहिली विनंती.

२. मी वरील दुकानात एकोणीस वर्षे नोकरीस आहे. माल उतरवून घेणे, मोजणे, त्यावर दराचे लेबल लावणे आणि तो फळीवर मांडणे हे माझे काम. माझी नणंद, म्हणजे यजमानांची धाकटी बहीण, आमच्याच घरी राहते. सहा वर्षांपूर्वी मीच शब्द टाकून तिला दुकानात काउंटरवर लावून दिले. दुकानात गिफ्ट कार्डे विकली जातात. कार्ड पुठ्ठ्याच्या पाकिटात असते आणि पाकीट दाराजवळच्या स्टँडवर टांगलेले असते. गिऱ्हाईक ते काउंटरवर आणून पैसे भरते, तेव्हा कार्ड चालू होते. आतल्या कार्डावर खरवडायच्या रंगाखाली एक लांबलचक क्रमांक असतो. तो क्रमांक ज्याला कळला, त्याने कार्ड वापरले असे समजावे.

३. गेल्या वर्षी असे होऊ लागले की लोक हौसेने कार्ड भेट देत आणि ते रिकामे निघे. कोणीतरी स्टँडवरून पाकीट उचलून नेत असे, क्रमांक टिपून घेत असे, खरवडलेल्या जागी नवा रंग लावून, सगळे पुन्हा चिकटवून पाकीट जागच्या जागी टांगून जात असे आणि कोणी पैसे भरण्याची वाट पाहत असे. यावर उपाय म्हणून कार्ड कंपनीने नवी पाकिटे पाठवली. त्यांच्या झाकणाच्या कडेवर, कोपऱ्यात, छोटी चंदेरी पट्टी आहे. पट्टी एकदा उचलली की तिच्यावर लाल अक्षरांत "उघडले" असे उमटते, आणि ती परत कितीही दाबून बसवली तरी ते जात नाही. आम्हा सर्वांना हायसे वाटले. त्यानंतर दोनच महिन्यांत नव्या पाकिटांतली अकरा कार्डे रिकामी निघाली.

४. कंपनीचे म्हणणे असे पडले की पाकीट आधी उघडले असते तर लाल अक्षरे दिसली असती. ती एकाही गिऱ्हाइकाला दिसली नाहीत. म्हणजे पाकिटे विक्रीपर्यंत बंद होती आणि क्रमांक काउंटरवरच कोणीतरी पाहिला. काउंटरवर माझी नणंद. त्यात तिला एक सवय होती. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांचे पाकीट ती खालच्या बाजूने कात्रीने कापून देई, क्रमांक खरवडून वहीच्या कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून त्यांच्या हातात ठेवी. हे काम तिला कोणी सांगितले नव्हते, त्याबद्दल कोणी तिचे कौतुकही केले नव्हते. अकरापैकी चार गिऱ्हाइके अशी होती. उरलेल्या सात जणांची पाकिटे तिने उघडलीसुद्धा नव्हती, हे मी मालकांना तीनदा सांगितले. मालक म्हणाले, "सगळी तिच्याच काउंटरवरची ना? मग झालं तर." दुकानात काउंटर एकच आहे. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी तिला घरी पाठवण्यात आले. रजिस्टरात तिच्या नावापुढे "विश्वासास अपात्र" असे लिहिले आहे.

५. या गोष्टीला चौदा आठवडे झाले. ती रडली असती, भांडली असती, तर आम्हाला बरे वाटले असते. तिने तसे काही केले नाही. त्याच संध्याकाळी तिने घरातल्या पैशांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात आणून दिली. आता बाजारातून भाजी आणली की ती पावती आणि सुटे पैसे टेबलावर मांडते आणि आमच्यापैकी कोणी ते मोजेपर्यंत तिथेच उभी राहते. आम्ही "अगं, राहू दे" म्हटले तरी हलत नाही. मग कोणीतरी मान खाली घालून मोजतो. यजमान मला म्हणतात, "एकोणीस वर्षं त्या दुकानात घासलीस, तुझं एक माणूस ऐकत नाही?"

६. अर्जात लिहिण्याची ही बाब नव्हे, पण खरे ते लिहिते. पहिल्या आठवड्यात एकदा ती अंघोळीला गेली असता मी तिची पर्स उघडून पाहिली. चष्मा, दोरा ओवलेली सुई आणि बसची जुनी तिकिटे होती. मी ती होती तशी बंद करून ठेवली. माझ्यावर कोणी असा संशय घेतला असता तर मी त्याचे तोंड पाहिले नसते.

७. आता आपल्या कार्यालयाविषयी. अकरा गिऱ्हाइकांपैकी दहा जणांनी पाकिटे केव्हाच फेकून दिली होती. एक निवृत्त ग्रंथपाल आहेत, ते कागदाचा कपटाही टाकत नाहीत. त्यांनी नातीसाठी कार्ड घेतले होते. ते पाकीट घेऊन आले आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "बाई, यात काहीच नव्हतं हो. मुलगी हिरमुसली." तेच पाकीट मी पहिल्या अर्जाला टाचणीने जोडले. ते सीलबंद नाही म्हणून परत आले. मग मी बांधणीच्या सामानाच्या दुकानातून कंपनीच्या पाकिटावर असते त्याच जातीची चंदेरी पट्टी आणली, पाकीट लखोट्यात घातले, वर पट्टी लावली आणि दुसरा अर्ज दिला. सील तुटलेले आढळले म्हणून तोही परत आला. मी आवक लिपिकांना विचारले की सील कोणी तोडले. ते म्हणाले, "आम्हीच. आत काय आहे ते बघायला नको का?" तिसऱ्या वेळी मी नवी पट्टी लावून लखोट्यावर "आत पुठ्ठ्याचे एक पाकीट आहे, बघू नये" असे लिहिले. तो अर्ज परत आला तेव्हा त्यावरचा शेरा असा : "पाकीट बंद असल्यास गुन्हा घडलेला नाही. पाकीट उघडे असल्यास ते कोणी उघडले हे सिद्ध होत नाही. अर्जदाराने खुलासा करावा."

८. महोदय, मी हा शेरा यजमानांना वाचून दाखवला, शेजारच्या शिक्षकांना दाखवला, आमच्या मालकांना दाखवला. कोणालाही त्यातून वाट सापडली नाही. आपल्याला सापडत असल्यास मला अवश्य कळवावे. कार्यालयाच्या पायऱ्या चढउतरून माझे गुडघे दुखू लागले आहेत. आपल्या कक्षातला पंखा, पाण्याची टाकी आणि "कृपया शांतता राखा" ही पाटी मला आता घरच्यासारखी पाठ झाली आहे. मी शांतता राखली. त्याचा काही उपयोग झाला नाही.

९. परवा तिसरा लखोटा घेऊन मी स्वयंपाकघरात बसले होते. त्याची चंदेरी पट्टी शाबूत दिसत होती. तिच्यावर बरोबर मधोमध आपल्या कार्यालयाचे आवक क्रमांकाचे लेबल लावलेले होते. अगदी सरळ, कडेला कड जुळवून. लेबल लावणाऱ्याला कामाची हौस आहे हे मला कळले, कारण मीही तसेच लावते. मी रागाने ते लेबल नखाने ओढून काढले. खालच्या पट्टीवर लाल अक्षरांत "उघडले" असे होते. म्हणजे याही वेळी लखोटा आपल्याकडे उघडला गेला होता आणि वर लेबल लागल्यामुळे ते कोणाला दिसले नव्हते. मी कोणाच्या नावाने ओरडावे याचा विचार करत होते, तेवढ्यात लखोट्याच्या सुटलेल्या तोंडातून ग्रंथपालांचे पाकीट बाहेर पडले आणि माझी नजर त्यावर गेली. नणंदेने ते नेहमीप्रमाणे खालून कापले होते, त्यामुळे वरचे झाकण तसेच होते. झाकणाच्या कडेवर आमच्या दुकानाचे दराचे लेबल होते.

१०. ते लेबल मी लावलेले आहे. आमच्या दुकानातले प्रत्येक लेबल मी लावते. वस्तू कोणतीही असो, लेबल वरच्या उजव्या कोपऱ्यात, कडेला धरून, हा नियम मीच केला आहे आणि तो माझ्याच अक्षरात साठ्याच्या खोलीत भिंतीला लावलेला आहे. गिऱ्हाइकाला दर शोधावा लागू नये, एवढाच त्यामागे हेतू. मी ते लेबल काढले. खालच्या चंदेरी पट्टीवर "उघडले" असे लाल अक्षरांत होते. तीन अर्जांबरोबर तीनदा आपल्या कार्यालयात जाऊन आलेल्या पाकिटावर ते सगळा वेळ होते. ते आपण पाहिले नाही, आणि मीही पाहिले नाही.

११. चोराने माझे लेबल गरम हवेने अलगद सोडवले, पट्टी उचलली, क्रमांक घेतला आणि लाल अक्षरांवर माझेच लेबल परत बसवले असणार. त्याला वेगळे काही करावेच लागले नाही. काल सकाळी दुकान उघडण्यापूर्वी मी स्टँडवरच्या सदतीस पाकिटांची लेबले एकेक करून काढली. त्यांतली सहा उघडलेली निघाली. स्टँडवरचा हा सगळा माल माझी नणंद घरी बसल्यावर तीन आठवड्यांनी आलेला आहे आणि तिने त्यानंतर दुकानाचा उंबरा ओलांडलेला नाही. यापेक्षा अधिक खुलासा मला करता येणार नाही.

१२. नवीन पाकिटांबरोबर कंपनीचे सूचनापत्र आले होते. काल मी ते फायलीतून काढून वाचले. "पट्टीवर कोणतेही लेबल अथवा शिक्का लावू नये" असे त्यात ठळक लिहिले आहे. पत्र मिळाल्याची सही माझी आहे. मी ते फायलीला लावले, वाचले नाही. एकोणीस वर्षांत लेबल कुठे लावायचे हे मला कोणी शिकवावे असे मला वाटले नव्हते. माझ्या या ताठ्यापायी अकरा घरांत रिकामी भेट गेली आणि माझ्या घरातली एक सरळ बाई चोर ठरली.

१३. सबब विनंती की,
(अ) पाकिटे विक्रीपूर्वी, स्टँडवर असतानाच उघडली गेली, अशी नोंद आपल्या कार्यालयाने लेखी करावी.
(आ) त्या नोंदीची प्रत आमच्या मालकांना पाठवून रजिस्टरातील "विश्वासास अपात्र" हे शब्द खोडण्यास सांगावे. नुसते खोडू नयेत, शेजारी कारण लिहावे.
(इ) लेबल लावण्याची चूक माझी एकटीची आहे, हेही त्याच पत्रात असावे. मालक तेव्हा म्हणाले होते, "ज्याची चूक निघेल तो घरी." मला ते आठवते आहे. तरीही ते पत्रात असावे.
(ई) कंपनीने पट्टी कोपऱ्यात न लावता अशा जागी लावावी की माझ्यासारख्या बायकांचे लेबल तिथे पोचणार नाही.
(उ) आपल्या आवक लिपिकांनी आपले लेबल यापुढे सीलवर लावू नये. त्यांना रागावू नये. माणूस कामसू आहे.

१४. हा अर्ज आणि सोबतचा पुरावा मी लखोट्यात घातलेला नाही. सील नाही, पट्टी नाही, टाचणीही नाही. सर्व वस्तू हातात उघड्या घेऊन मी स्वतः आपल्यासमोर उभी राहणार आहे, आणि आपण त्या पाहिल्याशिवाय जाणार नाही. शांतता मात्र राखेन.

चौथ्यांदा येणारी, आपली नम्र,

(सही)
मांडणी व साठा प्रमुख
दिनांक : ९ मार्च

सोबत :
१. निवृत्त ग्रंथपालांचे पाकीट, लेबल काढलेले.
२. स्टँडवरची सहा पाकिटे, लेबले काढलेली.
३. तिसऱ्या अर्जाचा लखोटा, कार्यालयाचे लेबल काढलेला.
४. कंपनीचे सूचनापत्र, माझ्या सहीसह.

प्रत माहितीसाठी :
१. माझी नणंद, आतली खोली, आमचे घर. (परिच्छेद ६ आणि १० तोंडाने सांगण्याचे धाडस मला चार वेळा झाले नाही, म्हणून लेखी.)
२. मालक, पुस्तके व लेखनसाहित्य भांडार. (क्रमांक १ची पोच मिळाल्यानंतर.)

प्रत मिळाल्याची पोच :

मिळाली. सगळी वाचली. वहिनी, अर्ज आजच नेऊन द्या. दोन दिवस माझ्याशी बोलू नका.

(नणंदेची सही)
९ मार्च