पाणी पिण्यास योग्य आहे

१ जून

आज नव्या घरात आलो आणि मी खूश आहे. हे आधी लिहून टाकते, कारण असं माझ्या हातून फारसं लिहिलं जात नाही.

घर लहानसं आहे, पण आमचं आहे. म्हणजे कचेरीचं आहे, नोकरी आहे तोवर आमचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसतो. अक्ताऊ शहरात बहिणीच्या घरी होते तेव्हा खिडकीतून शेजारच्या इमारतीच्या वाळत घातलेल्या चड्ड्या दिसायच्या, आणि घरात मेहुण्याचे टोमणे. फुकट खाणाऱ्यांना मीठ जास्त लागतं म्हणे. खा आता तुझं मीठ तूच.

कामही सोपं आहे. कराशिगानाक गावाच्या अकीमांच्या, म्हणजे गावप्रमुखांच्या कचेरीची रोजची बातमी लिहायची आणि गावाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकायची. कुठला रस्ता बंद, गॅसची तपासणी कधी, पोरांना एकटं समुद्रावर सोडू नका. एवढंच.

माझी लेक इंजू दोन्ही खोल्यांतून नुसती धावतेय. सहा वर्षांची झाली, पण स्वतःची खोली म्हणजे काय ते तिला आज कळलं. सामान उतरायच्या आत शेजारच्या रिस्ती आपा किटली घेऊन हजर. साठीच्या असतील, पण गाल कसे तुकतुकीत. दाढ दुखत असल्यासारखा रुमाल गच्च बांधलेला. माझं नाव विचारून घेतलं आणि इंजूचा दंड चिमटीत धरून म्हणाल्या, अगं कामशात, ही पोरगी आहे की काडी? राहू दे इथं, आमचं पाणी पोटात गेलं की बघ कशी गुबगुबीत होते. मला बाई आवडल्या.

४ जून

अकीम सागिंबाय, सगळे त्यांना मानाने अगा म्हणतात, चांगले ऐसपैस गृहस्थ आहेत. हसतात तेव्हा पोट आधी हसतं. जूनच्या उन्हात डोक्यावर लोकरी टोपी, कानांच्या खाली ओढलेली. कचेरीतल्या झाडून सगळ्या पुरुषांची तीच तऱ्हा. घामाने निथळतात, पण टोपी काढत नाहीत. गावाची काहीतरी फॅशन असेल.

पहिली बातमी दिली ती किनाऱ्याच्या सफाईची. वसंतात मेलेले सील, ते केसाळ समुद्री प्राणी, लाटांबरोबर ढिगाने येऊन पडले होते, ते कचेरीने उचलले आणि नियमानुसार विल्हेवाट लावली. मी सहज विचारलं, कुठे लावली? अगा म्हणाले, पोरी, तू बातमी लिहितेस की खटला चालवतेस? सगळे हसले, मीही हसले आणि लिहिलं.

अगांना एका गोष्टीचा फार अभिमान आहे. वसंतापासून गावातून एकही तक्रार नाही. पाण्याची नाही, दिव्याची नाही, दवाखान्याची नाही. अक्ताऊत तक्रारीच्या खिडकीवर रोज माणसं मारामारी करतात.

७ जून

आज रिस्ती आपांकडे येरुलिक झालं. नव्या बिऱ्हाडाला गल्लीने घरोघरी जेवू घालायचं, ही आमची जुनी रीत, शहरात राहिली नाही. इथं पाळतात हे बघून मला भरून आलं होतं. आलं होतं असंच लिहावं लागेल.

ताटात उकडलेलं बोकडाचं डोकं आलं. पाहुण्याने त्याचा कान कापून लेकराला द्यायचा, म्हणजे लेकरू थोरांचं ऐकतं. मी सुरी हातात घेतली तर आपांनी दोन्ही कान स्वतः छाटले आणि दाराबाहेर कुत्र्याला फेकले. आमच्याकडे आता कान कुणी खात नाही, म्हणाल्या. बायका खुदखुदल्या. मला काही ते बरं वाटलं नाही.

आणि चहा. दुधावर साय असते तसा त्याच्यावर पिवळट तवंग. बोटाने ओढला असता तर तार निघाली असती. मला जात्याच किळस फार, त्यात वास यायला लागला, बंद डब्यात विसरलेल्या चरबीचा. मी पियाला नुसता ओठांना लावत राहिले. एकजण म्हणाली, शहरातल्या बाईसाहेब चहा पितात की लिपस्टिक पुसतात? पाहुणचारात उठून जाता येत नाही, नाही म्हणता येत नाही. बसले.

इंजूने मात्र पियाल्यामागून पियाला रिचवला. तिच्या प्रत्येक घोटाला सगळ्याजणी गप्प होऊन बघत होत्या.

१० जून

नळातून केस आला.

माझा नाही, इंजूचा नाही. आखूड, करडा, ताठ. मग आणखी आले. गाळणं धरलं तर त्याच्यात केसांचा बोळा आणि त्याला लागलेलं पांढरं, साबणाच्या चोथ्यासारखं काहीतरी. बोटांनी चुरलं तर पसरलं, धुतलं तर जाईना. हाताचा वास अजून जात नाहीये. भाकरी खाताना नाकाशी आला आणि ओकारीच आली.

दुकानातून बाटलीचं पाणी आणलं. बाटल्यांवर धूळ. दुकानदार म्हणाला, हे कोण पितं? मी म्हटलं, ज्याला नाक आहे तो. त्याला राग आला नाही. तो नुसता माझ्या ओठांकडे बघत होता.

इंजूला ताकीद दिली आहे, नळाचं नाही प्यायचं. ती हो म्हणाली. पण बालवाडीत पिते, मला माहीत आहे.

१३ जून

एका परगावच्या ट्रकवाल्याने स्वतःच्या पानावर लिहिलं की कराशिगानाकच्या पाण्याला मढ्याचा वास येतो. अगांनी मला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, तक्रार गावची नाही, तरी उत्तर द्यायला हवं. बातमी लिही, पाणी पिण्यास योग्य आहे. आणि फोटो टाक. लहान लेकरू पाणी पिताना. तुझीच आहे की गोड पोर.

मी म्हटलं, माझी नको. ते म्हणाले, बरं, नको तर नको. घर कसं आहे? गळत नाही ना? हिवाळ्यात कुठे जावंसं वाटलं तर आधी सांग, दुसऱ्या कुणाला तरी देता येईल.

मेहुण्याचं तोंड डोळ्यांपुढे आलं.

इंजूने ग्लास एका दमात संपवला. आणखी मागितला. मग जीभ काढून ग्लास आतून चाटला, तळापर्यंत. मी बटण दाबत राहिले. स्वतःच्या पोरीला ते गटार पाजून मी तिचा फोटो काढला, वर लिहिलं, छोटी इंजूही म्हणते, आमचं पाणी गोड. थू माझ्यावर.

१५ जून

इंजूची वेणी घालताना हात थांबला. तिच्या कानांच्या पाळ्या झिजल्यात. जखम नाही, रक्त नाही, दुखत नाही. पाण्यात राहिलेल्या साबणाच्या वडीच्या कडा जातात तशा गेल्यात. कातडं बुळबुळीत आहे.

दवाखान्यात नेलं. रिकामा. डॉक्टरीणबाईंनी टोपी घातली होती. खिडकीकडे वळून काहीतरी लिहीत होत्या, मी मागून तीनदा बोलले, ओरडले, त्यांना पत्ताच नाही. मग इंजू त्यांच्याकडे बघत नुसती उभी राहिली, तशा वळल्या. म्हणाल्या, उन्हाचं आहे, भरपूर पाणी पाज.

१६ जून

टाकीपाशी गेले होते, भर दुपारी. गावाबाहेरची पाण्याची जुनी टाकी. राखणदार कुणी नाही. लोखंडी झाकण उचललं.

आत सील आहेत. वसंतातले. सगळे. एकावर एक, फुगलेले, काहींची कातडी सुटून पाण्यावर पसरलेली, मधल्या जागेत पिवळ्या चरबीचा थर. त्यातच गावाच्या नळांना जाणाऱ्या पाइपाचं तोंड. हेच आम्ही भाकरीत मळतो, हेच चहात.

मी फोटो काढले. झाकण आणखी सरकवलं, ऊन आत पडलं, आणि ती सगळी मेलेली तोंडं माझ्याकडे वळली. लाटेने नाही. पाणी थिजलेलं होतं.

कपड्यांवर ओकले.

तशीच अगांकडे गेले. त्यांनी लपवलंही नाही. इन्स्पेक्टर येणार होता, किनारा साफ हवा होता, इथली जमीन सगळी दगड, खड्डा कुठे खणायचा? टाकी जवळ होती. तात्पुरतं म्हणून टाकले. आणि बघ ना, म्हणाले, कुणाला काही झालं का? गाव कधी नव्हे इतकं सुखात आहे.

१७ जून

रिस्ती आपांना जाऊन सांगितलं. वाटलं, बाई आहे, हिला तरी किळस येईल.

त्यांनी शांतपणे रुमाल सोडला. कान नाहीत. दोन्ही बाजूंना गुळगुळीत कातडं आणि एक बारीक भोक, ते मधूनमधून मिटतं आणि उघडतं. मला म्हणाल्या, पहिल्यांदा खाज सुटते, मग कसं छान शांत होतं बघ. नवऱ्याची कटकट नाही, कुत्री नाहीत, कचेरीचे भोंगे नाहीत. पाणी पिणाऱ्याच्या मनातलं पाणी पिणाऱ्याला बरोबर कळतं. आणि तुमच्या तोंडांकडे बघून बाकीचं कळतं. किती बडबडता गं तुम्ही.

माझी हनुवटी धरली. तळवा थंड, चिकट. घरी येऊन तोंड घासून घासून सोललं.

उद्या दुपारच्या गाडीने निघायचं. अक्ताऊ. मेहुण्याचे पाय धरीन. इंजूला कोंडून ठेवलं आहे, बाटलीचंच पाणी देते. ते ती थुंकते.

१८ जून

निघायच्या आधी टाकीचे फोटो गावाच्या पानावर टाकले. सगळं लिहिलं. नाव माझं.

गाडीत बसलो. कुणी अडवलं नाही. रिस्ती आपांनी हात हलवला.

गाव मागे पडलं तशी इंजूच्या ओठांना चिरा गेल्या. मग गालांना. कातडं कोरडं होऊन खपल्या निघू लागल्या, मी पुसायला गेले तर हाताला आल्या. बाटलीचं पाणी दिलं, ओकली. ओकारीत करडे केस. श्वास घेता येईना तिला, तोंड उघडं, आवाज नाही. निळी पडली. ड्रायव्हर म्हणाला, ताई, अक्ताऊ लांब आहे, पोरगी पोचायची नाही.

मी गाडी वळवायला लावली.

वेशीवर गल्लीतल्या सगळ्या बायका उभ्या होत्या. आपांच्या हातात किटली. त्यांनी तोटी तिच्या तोंडात घातली आणि पोरीने ओढलं, ओढलं— गळा नुसता वरखाली होत होता. रंग परत आला. हसली. आपांकडे बघून.

फोटो मी स्वतः काढून टाकले. कुणी सांगितलं नाही. बाहेरून लोक येऊन टाकी साफ करतील, मग ही काय पिईल.

त्या जागी लिहिलं, पाणी पिण्यास योग्य आहे.

२० जून

माझं ऐकू येत नाही तिला. हाका मारते, समोर जाऊन मारते, ती तोंडाकडे बघते आणि कंटाळते. कान आता नाहीतच. मी मिठी मारली तर हातांतून निसटली. निसटली म्हणजे खरंच, साबणासारखी. अंगाला तो वास. माझ्या पोरीच्या अंगाचा मला वास सहन होत नाही— हे कुठे बोलू—

२१ जून

सगळी पोरं समुद्रात. उन्हात, सगळ्यांसमोर. पाण्याखाली जातात, वर येत नाहीत. इंजूही. मी कपड्यांसकट आत गेले, किंचाळले. किनाऱ्यावर अगा, आपा, डॉक्टरीणबाई, सगळे हसत उभे. किती वेळाने ती वर आली. डोळे काळे, पांढरं कुठेच नाही. माझ्याकडे पाहिलं.

ओळख नाही.

आपा म्हणाल्या, पोरीला कशाला दोष देतेस? तू पीत नाहीस. तुझं तिच्यापर्यंत पोचणार कसं?

२२ जून

ती आज आपांच्या घरी झोपली. बोलवायला गेले तर दार लावून घेतलं, तिनेच—

२३ जून

बाटल्या संपल्या. दुकानदार म्हणतो, आता मागवत नाही.

ग्लास भरून ठेवलाय. वर तवंग. खाली काहीतरी बसलंय, पांढरं.

दोनदा उचलला. ओकारी.

नाक दाबून—

कोमट आहे. केस जिभेवर. गिळला. पुन्हा वर आला, पुन्हा गिळला. तळाचं बोटाने— सगळं, सगळं—

खाज.

बाहेर कुत्रं भुंकत होतं. आता नाही. घड्याळाची टिकटिक नाही. लिहिताना पेनाचा आवाज असतो, तो—

आणि नळातून, भिंतीतल्या पाइपातून, हे काय, किती जण बोलताहेत. सगळी गल्ली. अगा हसताहेत. खाली टाकीतलेही—

त्यांच्यात ती आहे. इंजू. रडतेय. सापडली, सापडली माझी—

आई म्हणतेय. आई, पिऊ नकोस म्हणतेय. कधीपासून ओरडतेय, तेवढंच ओरडतेय, आई तू पिऊ न