वजा चिन्ह कुणाचं?

पनवेल, गुरुवार संध्याकाळ

आज प्रॅक्टिकलला नवसागर पाण्यात विरघळवला. तापमान तीन अंशांनी उतरलं, बीकर हाताला गार लागला. ऊर्जाबदलाची आकडेमोड मी केली आणि माझी जोडीदार नाझनीन हिला सांगितलं, "क्षाराने पाण्यातली उष्णता घेतली, म्हणून अधिक लिही." आमच्या वहीत तिने लिहिलं वजा. मॅडमनी विचारलं, "हे चिन्ह कुणाचं?" अकरावीपासूनची माझी मैत्रीण, तिने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं! बीकर अजून माझ्याच हातात होता, गारच.

बाहेर तिला विचारलं, तर म्हणाली, "अगं, तुझे मार्क तसेही चांगलेच येतात. चिडतेस काय?" तिला खरंच काही वाटलं नाही?

परत जाऊन मॅडमकडे दुसरी जोडीदार मागितली. त्यांनी कारण विचारलं. ते मात्र सांगवलं नाही.