रोज एक अंश

प्रिय बुटके,

तुला हे नाव आवडायचं नाही, पण दुसऱ्या कुठल्या नावाने तू ओ द्यायची नाहीस. म्हणून तेच.

मी आता जमीन मोजणीचं काम करते. आई म्हणते, तुला काय, आकडे दिसले की पोट भरलं. तिचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. घर तेच आहे. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला कालवा, आणि दोन्हींना जोडणाऱ्या सरळ रेषेला लागूनच आपलं दार.

आपलं गणिताचं ॲप आठवतं? काटकोन त्रिकोणाची एक बाजू आणि एक कोन दिला की ते बाकीचं सगळं काढून द्यायचं. तू कोनमापकाला दोरा आणि खोडरबर बांधून टाकीचं टोक बघायचीस, कोन ओरडून सांगायचीस. मी टाकीच्या पायाशी उभी राहून आकडे भरायचे. उंची आणि कोनावरून ॲप तुझं टाकीपासूनचं अंतर सांगायचं, ते आपण जमिनीवर टेप पसरून पडताळायचो. टाकी १४.२० मीटर. त्यातून तुझ्या डोळ्यांची उंची वजा करायची, १.१२. ती आपण दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मोजली होती. उरतात १३.०८. हा आकडा जगात आपल्या दोघींनाच माहीत आहे.

आपल्या शेवटच्या नोंदीनंतर अकरा वर्षांनी, म्हणजे पन्नास दिवसांपूर्वी, ॲपच्या जुन्या नोंदींखाली एक नवी नोंद दिसली. उंची १३.०८, कोन २०. वेळ दुपारची चार वाजून दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला कोन २१. मी पासवर्ड बदलला. फोन ऑफिसच्या खणात कुलपात ठेवला. ॲपवाल्यांना विचारलं, तर त्यांनी नम्रपणे कळवलं की सगळ्या नोंदी तुमच्याच फोनवरून झाल्या आहेत. आई म्हणाली, यंत्र आहे, बिघडायचंच. पण बिघडलेलं यंत्र रोज बरोबर एक अंश वाढवत नाही.

कोन वाढतो म्हणजे त्रिकोणाचा पाया, तुझं टाकीपासूनचं अंतर, कमी होतो. वीस अंशांना तू टाकीपासून छत्तीस मीटरवर होतीस, कालव्याच्या काठावर. सुरुवातीला दिवसाला दोन मीटर यायचीस. आता जेमतेम वीतभर. मला कोड्यात टाकते ती उंची. अकरा वर्षांत तुझे डोळे वर जायला हवे होते, १३.०८ कमी व्हायला हवे होते. ते झालेले नाहीत.

काल ६९ आले. आज ७० येतील, म्हणजे ४.७६ मीटर. टाकीच्या पायापासून आपल्या दारापर्यंतचं अंतर मी सकाळी टेपने मोजलं. तीनदा मोजलं. ४.७६. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तरी जेवण झाल्यावर तिने दारातलं चपलांचं कपाट एकटीने बाजूला ओढलं. का, विचारलं तर म्हणाली, वाटेत येतंय.

आता चारला पाच कमी आहेत. हे पत्र मी कालच्या नोंदीखालच्या रिकाम्या चौकटीत लिहितेय, कारण तू वाचशील अशी जागा तेवढीच. त्या दिवशी तू खेळायला पळालीस, असं मी सगळ्यांना सांगितलं. तू पळाली नव्हतीस. पंचेचाळीस अंशांना उत्तर बरोबर आलं होतं. मलाच ते वीस अंशांनी पडताळायचं होतं. तू कोनमापक डोळ्याला लावून उलटी चालत होतीस आणि मी म्हणत होते, अजून मागे, अजून मागे. तू वीस म्हणालीस. मी आकडा भरायला खाली बघितलं. वर बघितलं तेव्हा जमिनीवर फक्त टेप होता, अगदी सरळ. तुझ्या मागे कालवा आहे हे मला दिसत होतं, बुटके. मी थांब म्हणाले नाही.

तेव्हा मी टाकीपाशी होते, म्हणून तू तिकडेच निघाली आहेस. तिथे आता कोणी नाही. आज दारापाशीच उभी राहा. उरलेलं मी चालते. दार उघडं आहे.

तुझीच, चौकटीवरची खूण अजूनही न पुसणारी,
ताई